कोकणात घोळका घेऊन येताय? आधी तिथी बघा

मार्च लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. आमचं मुरूड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं, तेव्हा नकाशात नीट बघून निघा. मी आणि माझ्या जाऊबाई घरच्या वाडीत पाहुण्यांची राहायची सोय करतो, घरगुती जेवण देतो. कधी ऑफिसचा पस्तीस-चाळीस जणांचा गट येतो, कधी तीन पिढ्यांचं कुटुंब, कधी जुनी मित्रमंडळी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘माणशी किती?’ हाच असतो. मी उलट विचारते, तुमच्यात सगळ्यात म्हातारं कोण आणि सगळ्यात लहान कोण? त्या दोघांना झेपेल असा दिवस आखला की मधल्यांची काळजी करावी लागत नाही. आणि दुसरं विचारते, तारीख ठरवताना तिथी बघितलीत का?

तिथीचं सांगते, पण त्याआधी महिना. मार्चमध्ये आलात तर शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची अंडी राखली, आता गावातल्या घरांमध्येच पाहुण्यांची सोय होते. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. ती निघतील की नाही, हे मात्र त्यांच्यावर असतं, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि फ्लॅश मारायचा नाही हेही सांगा. मार्चमध्येच ओले काजूगर आणि कोवळ्या फणसाची भाजी मिळते. एप्रिलचा दुसरा पंधरवडा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. हापूस खऱ्या अर्थाने सुरू झालेला असतो, शाळांना सुट्ट्या लागायच्या असतात, किनारा मोकळा असतो. ऑफिसच्या गटांनी हाच काळ धरावा. मे महिन्यात आंबा, फणस, करवंदं, जांभळं, रातांबे सगळं एकदम असतं आणि गर्दीही तेवढीच. वीस मेच्या पुढे मात्र मोठा गट घेऊन येऊ नका. शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो, किल्ल्यांच्या होड्या बंद होतात. २०२५ साली तर मान्सून २५ मे रोजीच तळकोकणात उतरला होता.

आता तिथी. समुद्राची भरती तिथीप्रमाणे चालते आणि तिचा हिशोब इथल्या प्रत्येक घरात तोंडपाठ असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. मिनिटांचा फरक पडतो, सहलीला एवढं पुरतं. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तारखा लावून बघा.

याचा उपयोग असा. लहान मुलं जास्त असतील तर सप्तमी किंवा अष्टमीचा दिवस धरा. दुपारी उन्हं कलायला लागली की पाणी चढत असतं आणि संध्याकाळपर्यंत चढतच राहतं. शिवाय हे भांगाचे दिवस. पाणी फार वर येत नाही, फार खालीही जात नाही, लाटा त्यातल्या त्यात शांत असतात. उलट ऑफिसची तरुण मंडळी येणार असतील, क्रिकेट, कबड्डी, रस्सीखेच खेळायची असेल, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या. ते उधाणाचे दिवस. संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी असते, ओली वाळू घट्ट बसलेली असते आणि मैदान म्हणाल तेवढं मोठं मिळतं. त्या ओल्या वाळूवर लंगडीसुद्धा मोठ्या माणसांना खेळावीशी वाटते. पण उधाणाच्या दिवशी ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरायचं नाही. पाणी माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो, आणि तलावात पोहायला शिकलेल्यांना तर त्या ओढीचा अंदाजच नसतो.

पाण्याबद्दल मी पाहुण्यांशी कडक बोलते आणि बोलणार. गुडघाभर, फार तर कमरेएवढं पाणी, त्यापुढे नाही. खाडीच्या मुखाशी तर अजिबात नाही, तिथे वरून शांत दिसलं तरी आत ओढ असते. दारू घेतलेल्याला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, मग तो साहेब असो की नवरदेव. दोन मुलांमागे एक मोठं माणूस नेमा. आणखी एक जण पूर्ण कोरडा, काठावर, गळ्यात शिट्टी घालून उभा राहू दे. त्याने मोबाइलही बघायचा नाही. अर्ध्या तासाने पाळी बदला. आणि गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू सिमेंटसारखी टणक वाटते, चाक रुतल्यावर कळतं, आणि तोवर भरती सुरू झालेली असते.

दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर. मधले सहा तास समुद्राकडे फिरकायचं नाही. अकराला वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. डॉल्फिन बघायला होडीतून जायचं असेल तर कर्दे किंवा मुरूडहून सकाळी लवकर निघा, दिवस चढला की वारा वाढतो आणि ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय होडी सोडू द्यायची नाही. हर्णैसमोरचा समुद्रातला सुवर्णदुर्गही सकाळीच करावा. आत सावली बेताचीच, त्यामुळे आजी-आजोबांना हर्णैच्या किनाऱ्यावरूनच किल्ला दाखवावा.

दुपारसाठी दापोलीकडे एक जागा आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगते, आसूदचा केशवराज. आसूदबागेतून पायवाट खाली उतरते, नदीवरचा पूल लागतो आणि पलीकडे पुन्हा पायऱ्या चढायच्या. सगळी वाट पोफळी आणि माडांच्या सावलीतून जाते. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना इथे अंगावर गारवा येतो. देवळाजवळ गोमुखातून बारमाही पाणी पडतं, ते ओंजळीने प्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पुलापर्यंतसुद्धा नेऊ नका, चढ परत चढायचा असतो. त्यांच्यासाठी वर आसूदला व्याघ्रेश्वराचं देऊळ आहे. इतिहासाची आवड असलेला गट असेल तर पन्हाळेकाजीची लेणी बघा, एकोणतीस लेणी आहेत आणि आत दगडाचा थंडावा. बाकी कुठेच जायचं नसेल तर वाडीत झोपा. जेवण उरकून, आंबा खाऊन, माडाखाली खाटेवर दोन तास झोप, हीसुद्धा सहलच आहे. आयोजकाला वाटतं प्रत्येक तास भरला पाहिजे. तसं काही नसतं.

मुलांसाठी मेमध्ये करवंदं. सकाळी कातळावरच्या जाळ्यांशी घेऊन जा. करवंद दाताने तोडून आतला रंग बघायचा, लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. शहरातल्या मुलांना एकदा हे सांगितलं की ती तासभर हलत नाहीत. हाताला चीक लागतो, काटे लागतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालून न्या.

येण्याचं थोडक्यात. रेल्वेने यायचं तर खेडला उतरा, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांचं भराभर संपतं, म्हणून तारीख नक्की होताच एकाने बसून सगळ्यांची तिकिटं काढावी. मोठ्या गटाने एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करावी, पूर्ण गाडी मिळते. छोटा गट असेल तर नेहमीच्या फेरीनेही या. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना मोफत, त्यामुळे आजीची सहल जवळजवळ फुकटात होते. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांना बागमांडला-वेसवी फेरीबोट, आणि पुढे गुहागरला जाणाऱ्यांना दाभोळ-धोपावे. गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि मुलांना ती फेरी फार आवडते. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, आणि रात्रभर प्रवास करून पहाटे थेट समुद्रावर हा बेत करू नका. चालकाला झोप मिळाली पाहिजे.

जेवणाचा आकडा चार दिवस आधी कळवा आणि आदल्या दिवशी पक्का करा. चाळीस माणसांना उकडीचे मोदक म्हणजे सव्वाशेच्या आसपास होतात. उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा जातात, म्हणून त्या दिवशी शेजारच्या दोघीतिघींना सकाळीच बोलवावं लागतं. दुपारी बाराला ‘आज मोदक मिळतील का?’ असं विचारलंत तर मला नाही म्हणावं लागतं आणि वाईट वाटतं. गटात उपास कोणाचा, मधुमेह कोणाला, काजू कोणाला चालत नाही, हे एका कागदावर लिहून आणा. तिथी बघताच आहात तर एकादशी आणि संकष्टीही बघून ठेवा. पंगतीला काय सांगावं हे विचाराल तर पहिल्या दिवशी साधं सांगा. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, रायवळ आंब्याचं कोयाडं, भात, सोलकढी. प्रवासाने शिणलेल्या पोटाला ते बरं. आमरस दुसऱ्या दिवशी. बरका फणस पिकला असेल तर नाश्त्याला सांदणं मागा, ती शहरात मिळत नाहीत.

आमच्या घरात मासळी शिजत नाही. ती हवी असणाऱ्यांनी आधीच तशी सोय असलेलं घर निवडावं, नंतर यजमानाला संकोचात टाकू नये. खाणार नसलात तरी हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव मात्र बघा. होड्या लागतात, मासळी वाळूवर उतरते आणि बोली सुरू होते. त्या वेळी तिथल्या बायकांच्या कामाच्या मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नये. घ्यायची असेल तर एक-दोन वाटे घ्या, बर्फाचा डबा बरोबर ठेवा.

ऑफिसच्या आयोजकाला माझं एक मागणं आहे. खेळ ठेवा, पण सक्तीचे नकोत. पाण्यात उतरायला, नाचायला, सगळ्यांसमोर गायला कोणाला नको असेल तर त्याला पडवीत बसू द्या. साहेबांचं टेबल वेगळं मांडू नका, पंगत एकच घाला. कुटुंबाच्या सहलीत घरच्या बायकांना स्वयंपाकघराकडे फिरकू देऊ नका. कित्येकजणी सवयीने वाढायला उठतात, मी त्यांना हात धरून परत पाटावर बसवते. मित्रमंडळींनी पैशांचं आधी बोलावं. टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) की सामायिक वर्गणी, एकदा ठरवा, खजिनदार एकच नेमा, आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, किनाऱ्यावर रेंज जाते. विसार देताना किती जण गळाले तर किती परत, हेही विचारून घ्या. आणि खजिनदाराच्या फोनमध्ये ११२ (आणीबाणीसाठी) आणि १०८ (रुग्णवाहिकेसाठी) हे दोन आकडे असू देत. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, रस्ता आधी बघून ठेवा.

मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. चाळीस जण दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यातून येऊन शॉवरखाली उभे राहिले तर संध्याकाळी वाडीला पाणी उरत नाही. म्हणून समुद्रावर दिवसातून एकदाच भिजायचं ठरवा, आणि आल्यावर अंगाची वाळू न्हाणीघरात न धुता माडाच्या आळ्याशी दगडावर उभं राहून एका बादलीत धुवा. ते पाणी माडाला जातं. हे मी प्रत्येक गटाला आल्या आल्या सांगते आणि आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

परत निघताना दुपार टाळा. न्याहारी करून आठला गाडी सुटली पाहिजे. आंबे आदल्या संध्याकाळी बागेतूनच निवडून ठेवा, पेटीत निम्मे तयार आणि निम्मे कडक मागा, म्हणजे आठवडाभर पुरतात. पेट्या टपावर उन्हात बांधू नका, डिकीतही कोंबू नका. पायाशी, सावलीत ठेवा. घरी पोचल्यावर पेटी उघडा, गवत मोकळं करा आणि रोज एकदा आंबे खालवर फिरवा.