इंजिनाचे सीव्ही आधी उतरवून घ्या
माझ्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या मॉडेलचा नंबर १८२३३. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन, 'कुंदन', त्याचा हा नंबर. एचओ मापाचं मॉडेल रंगवून झालं आणि मग लक्षात आलं की डीसीसीत, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या पत्त्यावर हुकूम पाठवायच्या डिजिटल पद्धतीत, पत्ता फार तर १०२३९ पर्यंत देता येतो. आपल्या रेल्वेचे पाच आकडी नंबर त्यात मावत नाहीत. पुढचा १ गाळला, ८२३३ ठरवला.

तो पत्ता घालताना जे झालं ते आधी सांगतो. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे इंजिनात पत्ता आणि बाकीचे आकडे लिहायच्या, वायरी मी थेट मोठ्या लेआउटलाच (गाड्या फिरतात त्या सगळ्या रुळांना) जोडल्या होत्या. तिथे अजून दोन इंजिनं उभी होती हे डोक्यातच नाही. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरचा हुकूम पत्ता बघत नाही. रुळावर जो असेल त्या प्रत्येकाला तो लागू. तिघांनाही ८२३३ हाच पत्ता बसला. नॉब फिरवला आणि तिन्ही इंजिनं एकदम निघाली. इथवर फारसं बिघडलं नव्हतं, एकेक करून पत्ते परत घालता आले असते. पण मी घाबरलो आणि तिघांच्याही सीव्ही ८ मध्ये ८ लिहून मोकळा झालो. सीव्ही म्हणजे इंजिनातल्या डिकोडरचे, हुकूम समजून मोटर चालवणाऱ्या चिपचे, नंबर दिलेले कप्पे; प्रत्येकात एक आकडा. बऱ्याच डिकोडरमध्ये याचा अर्थ 'कारखान्यातून आलास तसा हो'. पत्ता ३ झालाच, पण कित्येक संध्याकाळी बसून जुळवलेला वेगही पुसला गेला. एकतीस वर्षं बँकेत काढली, शिल्लक लिहिल्याशिवाय लेजरचं पान उलटलं नाही. घरी मात्र एक आकडा टिपून ठेवला नव्हता.

म्हणून आता नवीन इंजिन आलं की काहीही लिहायच्या आधी वाचतो.

प्लायच्या पट्टीवर फूटभर रूळ ठोका. लेआउटशी त्याचा कसलाही संबंध नको. कमांड स्टेशनच्या (हुकूम पाठवणाऱ्या पेटीच्या) प्रोग्रॅमिंगच्या दोन वायरी फक्त तिथेच. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या बनियनचा तुकडा यासाठी उत्तम. काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं, कंटाळा करायचा नाही.

कंटाळा का नाही, ते वाचन कसं होतं हे कळलं की पटेल. डिकोडर आपला आकडा बोलून दाखवत नाही. कमांड स्टेशन त्याला एकेक बिट विचारतं: हा १ आहे का? हो असेल तर डिकोडर सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जादा करंट ओढतो, बहुधा मोटरमधूनच. म्हणून वाचताना इंजिन जागच्या जागी टक टक हलतं. ती त्याची मान डोलावणं. आठ बिट विचारून झाले की शेवटी पूर्ण आकडा एकदा ताडून बघितला जातो. चाकाखाली मळ असला की 'हो' पोचतच नाही आणि स्क्रीनवर 'नो अ‍ॅकनॉलेज, ३०८' येतं. अशा वेळी इंजिनाच्या छपरावर एक बोट हलकं टेकवून पुन्हा वाचा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कीप-अलाइव्हचा, म्हणजे रुळाशी संपर्क क्षणभर तुटला तरी इंजिन चालू ठेवणारा, कपॅसिटर बसवला असेल तर त्याच्या चार्जिंगच्या करंटमध्ये हा इशारा बुडतो. वाचण्यापुरता तो काढून ठेवा.

वाचायला मी कॉम्प्युटरवर जेएमआरआयचं डिकोडरप्रो हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. 'न्यू लोको' उघडून 'रीड टाइप फ्रॉम डिकोडर' दाबा. ते सीव्ही ८ आणि ७ वाचून कंपनी आणि आवृत्ती ओळखतं. माझ्याकडे सीव्ही ८ मध्ये १५१ आलं, म्हणजे ईएसयू. एकाच कुटुंबातली दोन-चार मॉडेल्स दाखवली तर आपलं नेमकं मॉडेल निवडा, नाहीतर पुढची पानं भलतीच उघडतील. मग 'रीड ऑल शीट्स'. साउंड डिकोडर असेल तर चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतात, तरी टक टक चालूच.

रंगांकडे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आकडा माहीत नाही. पिवळा म्हणजे फाइलमधून आलेला, डिकोडरशी न ताडलेला. नारिंगी म्हणजे तुम्ही बदललाय पण अजून लिहिलेला नाही. एकही लाल न उरल्यावरच सेव्ह करा. नोंद रोस्टरमध्ये, म्हणजे त्यातल्या इंजिनांच्या यादीत, जाते. तिथून एक्सएमएल फाइल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर टाका. लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका. आणि या फाइलमध्ये फक्त आकडे असतात. हॉर्न आणि इंजिनाचा आवाज सीव्हीमध्ये नसतो, त्यामुळे तो असा उतरवून घेता येत नाही.

शिवाय माझी दोनशे पानी वही आहेच. कुंदनच्या पानावर:

सीव्ही २ (सुटतानाचा जोर): ४, सीव्ही ३ (वेग घेणं): १८, सीव्ही ४ (वेग उतरणं): १२, सीव्ही १७: २२४, सीव्ही १८: ४१, सीव्ही २९: ३८.

यातले १७ आणि १८ मिळून ८२३३ हा लांब पत्ता होतो, ते हातानेही काढता येतात. ८२३३ ला २५६ ने भागा: भाग ३२, बाकी ४१. भागात १९२ मिळवले की २२४, आणि बाकी जशीच्या तशी १८ मध्ये. सीव्ही २९ मधले ३८ म्हणजे ३२ + ४ + २. यातले ३२ मिळवायचे विसरले तर लांब पत्ता लिहिलेला असूनही इंजिन जुन्या छोट्या पत्त्यालाच ओ देतं, आणि आपण उगाच वायरी तपासत बसतो.

परत भरताना रोस्टरमधून तीच नोंद उघडायची, इंजिन एकटं प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवायचं, 'राइट ऑल शीट्स' दाबायचं. डिकोडर त्याच मॉडेलचा हवा. झाल्यावर पुन्हा एकदा वाचून ताडा.

कुंदन आता पहिल्या स्टेपला मुंगीच्या पावलाने निघतं. दुसरंही जमलं. तिसरं, पिवळं शंटर, अजून सुटताना हिसका देतं. त्याचा सीव्ही २ तेव्हा किती होता, काही केल्या आठवत नाही.