बाथरूममध्ये वास येतोय? व्हेंट पाईपच्या या चुका टाळा

गच्चीच्या कडेला जाळीची टोपी घातलेला एक पाईप वर आलेला असतो, तोच व्हेंट पाईप. त्या तोंडातून ना पाणी येतं ना जातं, त्यामुळे घर बांधताना आणि पुढेही त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो नेमकं काय करतो हे एकदा समजून घेतलं, तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

कमोडच्या वळणात आणि नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वळणात, साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम साठून राहतं. ड्रेनेजचा वास घरात शिरत नाही तो या दोन इंचांमुळे. फ्लश केल्यावर पाण्याचा लोंढा उभ्या पाईपातून खाली जातो आणि जाताना मागून हवा खेचतो. व्हेंट मोकळा असेल तर ती हवा गच्चीवरून येते. तो बुजलेला असेल तर जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणीही तिच्यासोबत निघून जातं. मग वासाला वाट मोकळी.

म्हणून पहिली चूक म्हणजे वास आला की लगेच टाइल फोडायला माणूस बोलावणं. मे महिन्यात गावाला जाऊन तीन-चार आठवड्यांनी परत आलात, तर पाहुण्यांच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप नुसता वाळलेला असू शकतो. दोन मग पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. वास गेला तर पाईपात काहीच बिघडलेलं नाही. पुढच्या वेळी कुलूप लावण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. रोजच्या वापरातला ट्रॅप मात्र भरूनही दुसऱ्या दिवशी रिकामा दिसत असेल, तर संशय व्हेंटवर घ्यायला हरकत नाही.

दुसरी चूक, प्रत्येक बुडबुड आवाजाचं खापर व्हेंटवर फोडणं. एकाच बेसिनचं पाणी हळू उतरत असेल तर केस आणि साबणाचा गाळ त्याच बेसिनच्या ट्रॅपमध्ये अडकलेला असतो. तळमजल्याच्या नहाणीतून पाणी उलटं वर येत असेल तर बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बघा, तुंबलंय ते तिथे. कमोड फ्लश केल्यावर शेजारच्या नहाणीतून गुळगुळ आवाज येतो, आणि तसंच वरच्या मजल्यावरही होतं, पण चेंबर मोकळा वाहतोय, तर गच्चीवर जाऊन बघायची वेळ आली.

गच्चीवर सर्वाधिक काय सापडतं? पत्र्याची शेड. पावसाच्या गळतीला कंटाळून आपण शेड घालतो, आड येणारा व्हेंट पाईप कापून पत्र्याखालीच सोडतो आणि वास तिथेच कोंडतो. आमच्या घरीही असंच झालं होतं. शेडमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांना वास येई आणि आम्ही साबण बदलत राहिलो. पाईप पत्र्याच्या वर काढला, भोवतीची फट सील केली, टोपी बसवली, प्रश्न संपला. पाईपाचं तोंड खिडकीजवळ ठेवू नका. गच्चीचं पावसाचं पाणी किंवा वॉशिंग मशीनचा नळाही त्यात जोडू नका. पाणी आत आलं की हवेची वाट अडलीच.

टोपीत कबुतरांच्या काड्या, गांधीलमाशांचं पोळं, सुकलेली पानं असतात. टोपी काढून कचरा वर ओढून घ्या. काठीने आत ढकललात तर तो खालच्या वळणावर जाऊन बसतो. वरून ॲसिड ओतणं तर अजिबात नको. काड्या त्याने विरघळत नाहीत, आणि सेप्टिक टँक असेल तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

सेप्टिक टँकचा व्हेंट

टाकी घराला लागून असेल तर हा पाईप इमारतीच्या माथ्यापेक्षा सुमारे 2 मीटर उंच हवा. त्याचं खालचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडलेलं पाहिजे. टाकी वर्षानुवर्षं उपसली नाही की तरंगणारा थर त्या टोकापर्यंत येतो आणि पाईप बुजतो. दोन-तीन वर्षांनी उपसा करा. झाकण उघडून काडी पेटवून आत बघू नका, तिथे मिथेन असतो. आणि आत कोणालाही उतरवू नका, सफाईवाल्यालाही नाही. विषारी वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. उपशाच्या गाडीनेच काम करून घ्या.

आता जाळी. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये वाढतात आणि उघड्या व्हेंटमधून बाहेर येतात. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत या रोगाने किती जणांचं चालणं अवघड केलंय, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. आरोग्य कर्मचारी दारावर येऊन पाईपाला जाळी बांधा म्हणतात ते यासाठी. नायलॉनची बारीक जाळी ताराने घट्ट बांधा. प्लास्टिकची पिशवी किंवा गोणपाट बांधलंत तर डासांसोबत हवाही अडते. उन्हाने जाळी विरते, तेव्हा पावसाळ्याआधी दरवर्षी बदला.

दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर मात्र व्हेंट लागतच नाही. खड्ड्यातला वायू जाळीदार भिंतीतून मातीत मुरतो. शेजाऱ्याने लावला म्हणून तिथे पाईप उभा केलात, तर वास आणि डास दोन्ही बाहेर येतील. आधीच लावलेला असेल तर तो काढून भोक सिमेंटने बंद करून टाका.