फाइलचं नाव बाहेरून येतं तेव्हा

पीएचपी ही वेबसाइट बांधायची भाषा शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींना मी पहिलं काम शक्यतो फाइल डाउनलोडमधली त्रुटी दुरुस्त करण्याचं देतो. इंदूरमध्ये अशा कामाला तोटा नाही. कोचिंग क्लास, व्यापारी, ट्रस्ट यांच्या कितीतरी साइट फार पूर्वी कुणीतरी बांधून दिलेल्या आहेत आणि आजही चालू आहेत.

अशाच एका क्लासच्या साइटवर नोट्सच्या फाइलचं नाव थेट यूआरएलमधून घेतलं जात होतं. नावाआधी ../ लावत गेलं की एकेक फोल्डर वर चढता यायचं आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल उतरायची. रामबागेतली एक मुलगी तेव्हा आमच्याकडे नवीनच होती. तिने येणाऱ्या नावातून ../ काढून टाकणारी ओळ लिहिली आणि म्हणाली, "दादा, झालं."

मी तिला ....// टाकून बघायला सांगितलं. मधले दोन टिंब आणि एक तिरकी रेघ (/) गळाली, उरलेली अक्षरं जुळून पुन्हा ../ तयार झालं! वाईट अक्षरं शोधत बसलात तर पुढचा माणूस नवीन काहीतरी काढणारच. त्यापेक्षा फाइल कुठून द्यायची ते आपण ठरवावं.

त्यासाठी रिअलपाथ हे फंक्शन आहे. ते टिंबं आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारी खूण) सोडवून खरा पत्ता देतं, फाइल नसेल तर फॉल्स, म्हणजे 'नाही'. तो पत्ता आपल्या फोल्डरपासून सुरू होतो का, एवढं तपासायचं. मात्र फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर 'नोट्स'ची परवानगी 'नोट्स-जुन्या'लाही मिळते. कोडला कुठल्या फोल्डरातल्या फाइल उघडता येतील ते ठरवणाऱ्या खुद्द पीएचपीच्या ओपन-बेसडिर सेटिंगमध्ये पूर्वी हेच होतं, ५.२.१६ आणि ५.३.४ या आवृत्त्यांपासून ते दिलेला पत्ता पूर्ण फोल्डर म्हणून तपासू लागलं.

५.३.४ मध्येच, म्हणजे २०१० च्या डिसेंबरात, फाइलच्या नावातला नल बाइट, म्हणजे शून्य किमतीचं न दिसणारं अक्षर, हाही बंद झाला. त्याआधी कोडने शेवटी .पीडीएफ जोडलं तरी नावात नल बाइट घुसवला की पीएचपी ज्या भाषेत लिहिलंय ती आतली सी भाषा नाव तिथेच संपलं असं मानायची आणि जोडलेलं शेपूट वाया जायचं. जुना सर्व्हर हाती आला तर आधी आवृत्ती बघा.

दुरुस्तीआधी हल्ला करणारी टेस्ट लिहा आणि तो हल्ला जुन्या कोडवर यशस्वी होतो याची खात्री करा. मगच कोडला हात लावा. मी रिव्ह्यूला बसतो तेव्हा पहिल्यांदा तेच मागतो.

शक्य असेल तिथे नाव घेऊच नका. यूआरएलमध्ये नुसता नंबर ठेवा, फाइलचा पत्ता डेटाबेसमधून काढा. आणि ती फाइल लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याचीच आहे का, हे डेटाबेसला विचारलेल्या त्याच क्वेरीत तपासा. तेवढं राहिलं, तर ४५ च्या जागी ४६ टाकून कुणीही दुसऱ्या मुलाची मार्कशीट उघडतो.