धरणाच्या माथ्यावर निळा पट्टा दिसला की लगेच ‘गळती’ म्हणू नका

मातीच्या धरणांवरच्या रेझिस्टिव्हिटी सर्व्हेचे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात. जमिनीत वीज सोडून तिचा विद्युतरोध मोजायचा आणि रंगीत चित्रात मांडायचा, असा हा सर्व्हे. कागद चकचकीत, रंग झकास आणि चुका त्याच त्या.

सगळ्यांत लाडकी चूक म्हणजे कमी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे चित्रात निळा रंग, दिसली की तिथं पाणी आहे असं धरून चालणं. आपल्याकडे हार्टिंग, म्हणजे भरावाचा पाणी अडवणारा गाभा, बहुधा काळ्या मातीचं असतं. ती उत्तम दाबलेली, धडधाकट असली तरी ५-१० ओहम-मीटरच भरते, कारण चिकणमातीतून वीज सहज वाहते. केसिंगचा (गाभ्याभोवतीच्या कवचाचा) मुरूम त्याच्या वर, खालचा ताजा बेसॉल्ट शेकड्यांत. मग माथ्यावरून इलेक्ट्रोडची ओळ टाकली की मधे निळा पट्टा येणारच! उलट बारीक माती वाहून गेली असेल तर तिथली रेझिस्टिव्हिटी वाढलेली दिसू शकते. म्हणजे खरा रोगी निळ्यात नसून पिवळ्यात बसलेला असतो.

पर्जन्यछायेतल्या एका लघुपाटबंधारे तलावावर नेमकं हेच झालं. सल्लागाराची पोरं आली, दुपारभरात माथ्यावर एक ओळ टाकली, निळ्या पट्ट्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि शेरा मारला: ‘संपृक्त क्षेत्र, तातडीने ग्राउटिंग’. म्हणजे इथली माती पाण्यानं भरलीय, भोकं पाडून दाबानं पातळ मिश्रण भरा. अंदाजपत्रकही तयार. मी चौकीदाराला विचारलं, “काका, पाणी कुठं निघतं?” त्यांनी विमोचकाच्या (पाणी सोडायच्या मोरीच्या) बाजूला, पायथ्याशी नेलं. आजूबाजूचं गवत वाळलेलं, तिथला लव्हाळा मात्र हिरवागार. सर्व्हेची ओळ तिथवर पोचलीच नव्हती. पायथ्याला ओळ टाकली, सोबत स्वयंविभव (जमिनीत आपोआप तयार होणारा विद्युतदाब, पाझरानं तो बदलतो) मोजलं, तेव्हा पाण्याची वाट मोरीच्या कडेनं निघाली. पानशेतचा भराव १९६१ मध्ये विमोचकावरच खचला होता. निदान पुणेकरांनी तरी ही जागा सोडू नये. आणि ते ग्राउटिंग झालं असतं, तर दाबाखालच्या ग्राउटनं चांगल्या हार्टिंगलाच चिरा पाडल्या असत्या.

यंत्र उतरवण्याआधी मी पायथ्यानं टोकापासून टोकापर्यंत चालतो, व्ही-नॉचची (पाझर मोजायच्या खाचेची) वही बघतो, बांधकामाच्या छेदांचे नकाशे मागतो. छेद ‘सापडत नाहीत’. कार्यालयात चहा घेत बसून राहिलं की सापडतात.

दुसरा राग एकाच सर्व्हेवर निकाल देणाऱ्यांवर. मे महिन्यात तलावाचा तळ दिसत असताना जातात, कारण तेव्हा गाडी थेट पोचते. अहो, पाझर बघायचा तर तलावात पाणी नको? त्याच खुंट्यांवर तलाव भरलेला असताना एकदा आणि पाणी उतरल्यावर एकदा मोजा, मग दोन्हींतला फरक वाचा. पाण्याचं तापमानही टिपा. दर अंशाला रेझिस्टिव्हिटी साधारण २ टक्क्यांनी बदलते.

जीपीआर (जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार) काळ्या मातीत मीटरभरातच गुदमरतो. हार्टिंगचा तळ बघायला तो नेऊ नका.

वेनर रचनेत (चार इलेक्ट्रोड सारख्या अंतरावर) ओळीच्या लांबीच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच खोली दिसते. १०० मीटरच्या ओळीवर ३० मीटर खालचा पाया रंगवलेला असेल, तर ती चित्रकला.

२०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं आणि खापर खेकड्यांवर फुटलं. तेव्हापासून बिळं शोधून द्या म्हणणारे भेटतात. ५ मीटर अंतरावरच्या इलेक्ट्रोडना वीतभर बीळ दिसत नाही. त्याला डोळे आणि काठी लागते.

स्वयंविभवाला लोखंडी सळ्या नकोत, मोरचुदाच्या द्रावणाची सच्छिद्र भांडी वापरा. पिचिंगवर (उताराच्या दगडी अस्तरावर) इलेक्ट्रोड डुगडुगत असेल तर मिठाचं पाणी ओता, संपर्क तपासा, मगच रीडिंग घ्या.

आणि मोजलेल्या व सॉफ्टवेअरनं काढलेल्या आकड्यांतली त्रुटी ३ टक्के आली म्हणून चित्र खरं ठरत नाही. दोन मितींचं सॉफ्टवेअर ओळीच्या दोन्ही बाजूंना तशीच जमीन धरतं. धरणाला एकीकडे पाणी आणि दुसरीकडे उतार असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पिझोमीटरचे (भरावातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे शेजारी मांडल्याशिवाय मी तरी अशा चित्रावर सही करत नाही.