पिकअपला जड ट्रेलर जोडण्याआधीची तयारी

मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायला गाडी गॅरेजात टाकण्याआधी ती वजनकाट्यावर न्या. टाकी भरलेली, रोजची अवजारं गाडीत, चालक सीटवर. एकदा अख्ख्या गाडीचं वजन घ्या आणि एकदा फक्त मागच्या चाकांचं. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कमाल एकूण वजन आणि एक्सलच्या मर्यादा बहुधा लिहिलेल्या असतात. कमाल वजनातून काट्यावरचा आकडा वजा केला की उरेल तीच खरी भारक्षमता. माहितीपत्रकातल्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका, तो जवळपास रिकाम्या गाडीचा असतो.

साध्या बॉल हिचवर (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीवर येतो. ३५०० किलोच्या ट्रेलरचे १२ टक्के धरले तरी ४२० किलो. शिवाय हा भार मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो, त्यामुळे तरफेचा हिशेब लागू होतो. हिचचा गोळा एक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर असेल, तर मागच्या एक्सलवर ४२० नाही, ५६० किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरचे १४० किलो कमी होतात. स्टीअरिंग हलकं लागतं ते त्यामुळेच. वजन विभागणारा हिच त्यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या एक्सलवर परत ढकलतो, म्हणून पहिला खर्च मी त्यावर करीन. भार घटवायला ट्रेलरमधलं सामान मागे सरकवण्याची युक्ती मात्र नको, वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

जादा पाटे किंवा एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावल्यावर बसलेली गाडी सरळ उभी राहते आणि डोळ्यांना बरं वाटतं. पण एक्सल, बेअरिंग, चासी, ब्रेक जुनेच, त्यामुळे पट्टीवरचा आकडा जिथल्या तिथे. आकडा अपुराच पडत असेल, तर हलका ट्रेलर किंवा मोठी गाडी, तिसरा मार्ग मला दिसत नाही. एअरबॅग लावल्याच, तर दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवा. नाहीतर वळणावर एका बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते.

टायरच्या बाजूवर छापलेला भारांक वाचा: ११५ म्हणजे एका टायरला १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. हा भार ठरलेल्या दाबाच्या हवेवरच पेलतो. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी कंट्रोलर, गिअरबॉक्सला ऑइल कूलर, गोळ्याचं माप कपलरशी (ट्रेलरचा गोळ्यावर बसणारा भाग) जुळणारं, सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीच्या आकारात, दिव्यांची जोडणी, हेही बघा. हेडलाइट पुन्हा खाली वळवून घ्या, मागून बसलेली गाडी समोरच्याचे डोळे दिपवते.

सगळं भरून, माणसं बसवून, ट्रेलर जोडून पुन्हा काट्यावर जा आणि या वेळी प्रत्येक एक्सल वेगळा तोला.