घर घेताय? बेसमेंटमधला रेडॉन आधी मोजून घ्या

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे घर बघताना आपण शाळा, टॅक्स, ट्रेन स्टेशन सगळं खोदून खोदून विचारतो आणि बेसमेंट फिनिश्ड दिसलं की खूशच होतो, आई-बाबा आले की सहा महिने इथेच झोपतील म्हणून. पण जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन वायू सगळ्यात जास्त तिथेच साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि सिगरेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं अमेरिकेतलं दुसरं मोठं कारण हेच आहे.

१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरमुळे रेडिएशनचे अलार्म वाजायचे, केंद्र तर अजून चालूही झालं नव्हतं, शोधल्यावर कळलं की साहेबांच्या घरातच रेडॉन आहे आणि ते रेडिएशन घरूनच घेऊन येतायत! आणि "शेजारच्यांचं नॉर्मल आलंय" हे ऐकून सोडून देऊ नका, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांचे आकडे वेगळे येऊ शकतात.

होम इन्स्पेक्शनसोबतच टेस्ट करा, आणि आकडा जास्त आला तर काय करायचं ते अ‍ॅटर्नी रिव्ह्यूमध्येच (म्हणजे वकील खरेदीचा करार तपासतात तेव्हाच) लिहून घ्या, नंतर कोणी विचारत नाही. टेस्ट कमीत कमी ४८ तासांची, तिच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत खिडक्या-दारं बंद, ये-जा करण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. मशीन राहण्याजोग्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, जमिनीपासून २० इंच तरी वर ठेवतात, किचन-बाथरूममध्ये नाही. शक्यतो दर तासाचा आकडा नोंदवणारं मशीन मागा, कारण विकणाऱ्याने मध्येच खिडक्या उघडल्या तर आकडे एकदम पडलेले दिसतात (लोक करतात असं, मोठ्या पैशांचा मामला असतो ना).

आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन मोजायचं एकक) किंवा जास्त आला तर दुरुस्ती करा असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, म्हणते, २ ते ४ मध्ये असला तरी विचार करा म्हणते. पण घर आवडलं असेल तर तेवढ्यासाठी सोडायची काही गरज नाही. फरशीखालून पाइप काढून फॅनने हवा छपरावर सोडतात, दोनेक हजार डॉलरच्या आसपास काम होतं, ते विकणाऱ्याकडून करून घ्या नाहीतर तेवढे पैसे कमी करून घ्या.

पाइप आधीपासून बसवलेला असेल तर त्यावरची यू आकाराची छोटी नळी बघा. दोन्ही बाजूंचं पाणी एका लेव्हलला दिसलं तर फॅन बंद पडलाय.