अखंड रेकॉर्डिंगचा कॅमेरा निवडताना
जुळे सोलापुरातील आमच्या अंगणातून स्कूटरची बॅटरी चोरीला गेली, तेव्हा कॅमेऱ्यात दिसले ते केवळ उघडे फाटक. कारण तो वाय-फाय कॅमेरा हालचाल जाणवल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करीत असे आणि तोवर मोलाचे काही सेकंद निघून जात.

त्यामुळे मी केबलने जोडलेले चार कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण डिस्कवर साठवणारे यंत्र) घेऊन चोवीस तास रेकॉर्डिंग सुरू केले. प्रत्येक कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरल्यास चारही कॅमेऱ्यांना मिळून दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर साधारण तेवीस दिवसांचे रेकॉर्डिंग राहते. डिस्क मात्र सीसीटीव्हीसाठीचीच घ्यावी, कारण संगणकाची साधी डिस्क अशा अखंड लेखनासाठी बनवलेली नसते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो, म्हणून एनव्हीआर जिन्याखाली हवेशीर जागी, इन्व्हर्टरच्या जोडणीवर ठेवला.